पंधरा नव्या पैशांचा साहेब

पिंपळनेरला घर बांधायचं ठरलं की माणूस आधी मिस्त्री गाठतो, मग वाळूवाला, मग मुहूर्तासाठी गुरुजी, आणि अगदी शेवटी, बँकेने कर्जासाठी मंजूर नकाशा मागितला तर, आर्किटेक्ट. तोवर पाया खणून, भरून, वर चार थर चढलेले असतात. आर्किटेक्टने करायचं एवढंच की जे उभं राहिलंय ते कागदावर बसवायचं. जिन्याखाली मोरी आणि मोरीवर देवघर कसं आलं, हे विचारायचा त्याला अधिकार नसतो. तो मुकाट्याने रेघा ओढतो, शिक्का मारतो आणि उरलेली फी कांदा निघाल्यावर मिळेल हे ऐकून घेतो. अशा गावात कुणी सांगितलं की जगात आर्किटेक्ट लोकांच्या सन्मानार्थ टपाल तिकिटं निघतात, तर पारावरून अहिराणीत पहिला प्रश्न येतो, "कसाले?"

प्रश्न अगदीच गैर नाही. खानदेशात बांधणाऱ्याचं नाव काढायची एक ठरलेली वेळ असते, ती म्हणजे गळती लागल्याची. जुनी धाब्याची घरं पाहावीत. लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर आडव्या लाकडांचा दाट थर, त्यावर माती आणि सगळ्यात वर पांढरी खारी. मे महिन्यात बाहेर ऊन मरणाचं असताना आत माणूस सुखाने घोरतो. जोवर धाबं कोरडं, तोवर ते 'आमच्या आजोबांचं घर'. आषाढात एक धार नेमकी अंथरुणावर आली की 'कोणत्या गाढवाने बांधलं हे' म्हणून कारागिराचा शोध सुरू होतो. तात्पर्य, नाव हवं असेल तर बांधकामात थोडी खोट ठेवणं भाग आहे. ज्याने चोख बांधलं तो गेला विस्मरणात.

परदेशात मात्र या जमातीचे लाड झाले. अमेरिकेने 1966 मध्ये फ्रँक लॉइड राइट यांना तिकिटावर आणलं. हे गृहस्थ नम्रपणासाठी कधीच प्रसिद्ध नव्हते. त्यांच्या मागे त्यांनीच घडवलेलं न्यूयॉर्कचं गोल गोल चढत जाणारं गुगेनहाइम संग्रहालय दाखवलं आणि तिकिटाची किंमत ठेवली दोन सेंट. एवढ्या मोठ्या माणसाला चिल्लरमध्ये बसवण्याचा हा प्रकार पाहायला ते हयात नव्हते, हे टपाल खात्याचं नशीब. त्याच अमेरिकेने 2004 मध्ये बकमिन्स्टर फुलर यांचं तिकीट काढलं. त्रिकोणांचे सांगाडे जोडून केलेला घुमट ही फुलर यांची ओळख. तिकिटावर त्यांचं टक्कलच त्या घुमटासारखं चौकटी-त्रिकोणांचं रंगवलं आहे. हे चित्र मुळात 1964 च्या 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठासाठी काढलेलं. आपल्याकडे कुणा थोर पुरुषाच्या डोक्याची अशी आखणी करून दाखवावी. संध्याकाळपर्यंत तहसील कचेरीवर मोर्चा आलाच समजा.

स्वित्झर्लंडची तर कमालच. त्यांनी ल कॉर्ब्युझिए यांना दहा फ्रँकच्या नोटेवरच बसवलं आणि नोटेच्या मागच्या बाजूला चंदीगडच्या इमारती छापल्या. म्हणजे उन्हातान्हात इमारती उभ्या राहिल्या पंजाबात आणि खिशात खुळखुळल्या स्विस लोकांच्या.

आपल्याकडे तिकिटावर इमारत चटकन चढते. इमारत बांधणारा खालीच राहतो. मुंबईचा गेट वे ऑफ इंडिया घ्या. पाचव्या जॉर्ज बादशहाच्या आगमनाची खूण म्हणून हा दरवाजा. बादशहा उतरले 1911 च्या डिसेंबरमध्ये आणि आराखडा मंजूर झाला 1914 मध्ये, तोही पायाभरणी उरकल्यावर. बादशहांना पुठ्ठ्याची प्रतिकृती दाखवून वेळ मारून नेली, असं सांगतात. नारळ आधी आणि नकाशा नंतर ही आपली परंपरा किती जुनी आहे, ते यावरून कळावं. दरवाजा खुला झाला 1924 च्या डिसेंबरात. तो काढला होता जॉर्ज विटेट यांनी. हे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सचे पहिले अध्यक्ष. 1926 मध्ये मुंबईतच वारले. पुढे 1935 मध्ये बादशहांच्या कारकिर्दीचा रौप्यमहोत्सव आला, तेव्हा अर्ध्या आण्याच्या तिकिटावर गेट वे झळकला आणि शेजारी बादशहांचा मुखडा. दोन जॉर्जांपैकी ज्याने दरवाजा काढला तो बाहेर आणि ज्याने पुठ्ठा पाहिला तो तिकिटावर.

स्वातंत्र्यानंतर तरी चित्र बदलावं? 1949 साली सरकारने जुन्या वास्तुशिल्पांची सोळा तिकिटांची मालिका काढली. तीन पैच्या तिकिटावर अजिंठ्याचा हत्ती, नऊ पैच्या तिकिटावर घारापुरीची त्रिमूर्ती, सहा आण्यांना विजापूरचा गोल घुमट, पाच रुपयांना ताजमहाल. अजिंठा जिल्ह्याने छत्रपती संभाजीनगरचा, पण हे जळगावच्या माणसाला सांगून पाहावं. तो म्हणेल, पाहुणे उतरतात आमच्या स्टेशनावर, केळी खातात आमची, मग लेणी तुमची कशी? ते काही असो. सोळाच्या सोळा तिकिटांवर बांधणाऱ्याचं नाव नाही. ताजमहालावर बांधवून घेणाऱ्याचंही नाही, पण त्याची काळजी करायला गाइड मंडळी समर्थ आहेत.

अशा खात्याने एका बांधणाऱ्या माणसाला तिकिटावर बसवलं, आणि तेही तो जिवंत असताना, ही तारीख 15 सप्टेंबर 1960. किंमत पंधरा नवे पैसे. माणूस मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. काटेकोर वास्तुविशारद इथे नाक मुरडतील की हे तर इंजिनीअर, आर्किटेक्ट नव्हेत. मुरडोत. पिंपळनेरपर्यंत हा भेद अजून पोचलेला नाही. ज्याच्या हातात टेप आणि काखेत नकाशाची गुंडाळी, तो 'इंजिनीअर साहेब'. टेप नसेल आणि गुंडाळीच असेल, तर तलाठी.

हे तिकीट निघालं साहेबांच्या शंभरीनिमित्त. गंमत अशी की काही पुस्तकं त्यांचं जन्मवर्ष 1860 देतात, काही 1861. दुसरा आकडा धरला तर टपाल खात्याने एक गोष्ट चक्क वर्षभर आधी पोचवली. खात्याच्या इतिहासात असं दुसरं उदाहरण शोधायला संशोधकच नेमावा लागेल.

जिवंतपणी तिकिटावर येण्याचा मान भारतात त्यांच्याआधी मिळाला होता तो महर्षी कर्व्यांना, 18 एप्रिल 1958 ला. तेही शंभरीला आणि तेही पंधराच नव्या पैशांत. पुढे दोघेही 1962 मध्येच गेले, विश्वेश्वरय्या एप्रिलमध्ये आणि कर्वे नोव्हेंबरमध्ये. जिवंत माणसाचं तिकीट काढायचं तर त्याने आधी शंभर वर्षं जगून दाखवावं, अशी खात्याची अट होती की काय, कोण जाणे. सचिन तेंडुलकरचं तिकीट 2013 च्या नोव्हेंबरात निघालं तेव्हा तो चाळिशीत होता. पण त्याने शंभराची अट दुसऱ्या मार्गाने पुरी केली होती.

आता, म्हैसूरच्या या दिवाणांचा, म्हणजे विश्वेश्वरय्यांचा, पिंपळनेरशी काय संबंध?

संबंध पांझरेचा. पुण्याच्या सायन्स कॉलेजातून 1883 मध्ये इंजिनीअर होऊन बाहेर पडलेला हा तरुण 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनीअर म्हणून लागला. आधी नाशिक, मग खानदेश. कृष्णराजसागर, दिवाणपद, 'सर' ही पदवी, भारतरत्न, हे सगळं फार पुढचं. नोकरीतल्या पहिल्या जबाबदारीच्या कामांपैकी एक होतं साक्री तालुक्यातल्या दातर्तीला. पिंपळनेरच्या वरच्या डोंगरांतून उतरणारी पांझरा गावावरून पुढे खाली जाते, तिथे तिच्या पात्रातून पाटाचं पाणी पलीकडे न्यायचं होतं. नदीचं पाणी नदीत राहू द्यायचं, पाटाचं पाणी पाटात, आणि दोघांची गाठ पडू द्यायची नाही. भाऊबंदकीत वाढलेल्या खानदेशाला हा प्रश्न समजायला एक मिनिट पुरतं.

उपाय दोन. एक तर नदीवर पूल बांधायचा आणि पाणी त्यावरून मिरवत न्यायचं. दुसरा म्हणजे पाण्याला नदीच्या तळाखालून बुडी मारायला लावायची. विश्वेश्वरय्यांनी केला तो दुसरा, नळाचा सायफन. गवंड्याच्या हातातली पाण्याची लेव्हलनळी आठवा. या भिंतीला एक टोक, त्या भिंतीला दुसरं, मधे नळी जमिनीला लोळते, तरी दोन्हीकडचं पाणी एका पातळीला येऊन थांबतं. एक टोक जरा खाली धरलं की त्या टोकातून पाणी सांडू लागतं. दातर्तीला हेच, फक्त नळी भली मोठी आणि तिच्यावरून नदी. अलीकडच्या काठावर पाणी नळात शिरतं, वाळूखालून पात्र ओलांडतं आणि पलीकडच्या काठावर, आत शिरलं त्याहून थोडं खाली, स्वतःहून वर येतं. पंप नाही, मोटर नाही, विजेचं भारनियमन नाही, आणि मोटर जळाली म्हणून कुणाच्या दारात जाऊन उभं राहणं नाही.

काम सोपं नव्हतं. पावसाळा लागला, पांझरा भरून येऊ लागली, खणलेला पाया वाळूने बुजू लागला. नवख्या साहेबाने वर कळवलं की पाऊस सरेपर्यंत काम थांबवू या. वरच्या साहेबाला ही सूचना शिस्तीत बसणारी वाटली नाही, आणि त्याने ती तशी लेखी कळवली. गेल्या दीडशे वर्षांत सरकारी खात्यातलं काय काय बदललं याची यादी करायला बसलं तर हा परिच्छेद तिच्यात येणार नाही. तरुणाने वाद घातला नाही. पुरातच काम रेटलं आणि पुरं केलं. मग वरचे साहेब खूश झाले. वरचे साहेब नेहमी मग खूश होतात.

आता यातली खरी अडचण लक्षात घ्यावी. ताजमहाल दिसतो. गेट वे दिसतो. गुगेनहाइम तर न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उपरं होऊन उभंच आहे. सायफन दिसत नाही. दिसला तर तो बिघडला असं समजायचं. पात्रात उभं राहून पाहिलं तर वाळू, डबकी, बाभळी आणि म्हशी. खालून पाणी चाललं आहे हे सांगणारी एकही खूण त्या म्हशींच्या चेहऱ्यावर नसते. म्हणजे धाब्याचाच न्याय. गळत नाही, तर बांधणारा आठवायचा कसा? तिकिटावर म्हणूनच चेहरा छापावा लागला. तोही सगळ्यांना ठाऊक असलेला पगडीवाला. दर 15 सप्टेंबरला अभियंता दिनी हार घालून घेणारा. त्या दिवशी भाषणात खडकवासल्याचे आपोआप उघडणारे दरवाजे येतात, कृष्णराजसागर येतं, साहेब सरकारी मेणबत्तीवर खासगी पत्र लिहीत नसत हेही हमखास येतं. मेणबत्तीची गोष्ट ऐकताना खात्याच्या गाडीतून सहकुटुंब आलेली मंडळी विशेष गहिवरतात.

साहेब खानदेशात आले तेव्हा इथे पाण्याची अक्कल नव्हती असं मात्र कुणी समजू नये. पांझरेवर आणि शेजारच्या खोऱ्यांत फड पद्धत त्यांच्याआधी शतकांपासून चालू होती. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड, आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. या वर्षी इथे ऊस, पुढच्या वर्षी दुसरीकडे. पाणी सोडायला पाटकरी, राखण करायला जागल्या, तंटा मिटवायला पंच. कुणाचं शेत पाटाच्या तोंडाशी आणि कुणाचं शेपटाला, तरी पाणी सगळ्यांना. सख्ख्या भावाला बांधावर पाय ठेवू न देणारी माणसं एका पाटावर पिढ्यान्पिढ्या नांदली, हे सायफनपेक्षा मोठं स्थापत्य म्हणायला हरकत नाही. विश्वेश्वरय्यांनी पुढे 1899 च्या सुमारास नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली, गटागटाने जमीन ठरवून पिकांची पाळी लावणारी. तिला फडाचा वास येतो असं साक्रीच्या म्हाताऱ्यांचं म्हणणं असेल, तर त्यांच्याशी भांडायला जाण्यात अर्थ नाही. फड बांधणाऱ्यांची तिकिटं निघाली नाहीत. निघायची तर चेहरा कुणाचा छापायचा? पाटकऱ्याचा छापला तर जागल्या रुसणार.

तिकिटाचा प्रवासही ऐकण्यासारखा. देशाची तिकिटं 1926 पासून छापली जाऊ लागली ती नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यात. तोवर ती लंडनहून यायची. म्हणजे विश्वेश्वरय्या नोकरीला आले नाशिकला आणि शहात्तर वर्षांनी छापून निघाले नाशिकरोडला. एवढ्या नोकरीत बदली झाली ती फक्त स्टेशनापर्यंत.

आज कुणाचं तिकीट काढायचं तर खात्याचे नियम आहेत. प्रस्ताव किमान दोन वर्षं आधी द्यायचा. माणूस राष्ट्रीय मोलाचा हवा. जन्मशताब्दी हवी किंवा पुण्यतिथीचा ठरावीक टप्पा. आणि मुख्य म्हणजे माणूस वारलेला हवा. नुसता वारलेला नव्हे, वारून साधारण दहा वर्षं झालेला. इतका धीर राजकारणात कुणाला आहे? चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स लागतो, त्यावर 'भावी' हा शब्द फोटोपेक्षा मोठा असतो, आणि अशा भाऊला दहा वर्षं थांबा, तेही मेल्यावर, असं सांगायचं कुणी?

त्यांची सोय 2011 मध्ये झाली. टपाल खात्याने 'माय स्टॅम्प' नावाची योजना आणली. बारा तिकिटांचा ताव, तीनशे रुपये, सोबत ओळखपत्र आणि फोटो. खात्याच्या तिकिटाला आपला चेहरा जोडून मिळतो. तिकीट खरं, गोंद खरा, दाते खरे, चेहराही खराच. मग दुसऱ्या दिवशीच्या बातमीत योजनेचा उल्लेख आपसूक गळतो आणि 'भाऊंच्या सन्मानार्थ टपाल तिकीट' एवढंच उरतं. कार्यकर्ते पेढे वाटतात. बाराच तिकिटं असल्याने ती कुणी पत्राला लावत नाही, फ्रेम करून बैठकीत टांगतात. बरंच आहे. कारण तिकिटावरच्या माणसाच्या वाट्याला येतं काय, तर आधी पाठीला थुंकी आणि मग तोंडावर काळा शिक्का. पोस्टातला शिक्का मारणारा माणूस महर्षी आणि माजी सरपंच असा भेद करत नाही. त्याचा हात एका लयीत पडतो, आणि कुणाची मिशी अर्धी जाते, कुणाचा चष्मा.

आणि पत्रं तरी कुठे उरली? पिंपळनेरच्या पोस्टात आता गर्दी असते ती आधारची, बचत खात्याची आणि मनीऑर्डर अजून का आली नाही हे विचारणाऱ्या आजोबांची. रजिस्टर पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं. पार्सलावर तिकीट नसतं, बारकोड असतो. बारकोडवर कुणाचाच चेहरा मावत नाही, त्यामुळे मानापमानाचा प्रश्न तिथे सुटलेला आहे. स्मरणार्थ तिकिटं निघतच असतात; ती जातात थेट संग्राहकाच्या अल्बमात. तीही कोरी, चिमट्याने धरून, बोट न लावता. ज्याच्या नशिबी थुंकी नाही आणि शिक्काही नाही, असा सन्मान आता पहिल्यांदाच शक्य झाला आहे.

खात्याने मनावर घेतलं आणि दातर्तीच्या सायफनचंच तिकीट काढायचं ठरवलं तर काय होईल, याचा विचार करून ठेवायला हवा. चित्रकार येणार, फोटो काढणार. फोटोत वाळू, बाभळी आणि दोन म्हशी. समितीतले साहेब विचारणार, "यात सायफन कुठे आहे?" उत्तर एकच, "खाली." खाली म्हणजे फोटोच्या चौकटीबाहेर. मग कुणीतरी सुचवणार की पाणी कुठून कसं जातं हे कळायला एक बाण काढू. पण निवडणुकीच्या दिवसांत महाराष्ट्रात बाण काढायचा म्हणजे जोखमीचं काम. धनुष्य कुठे आहे, असं लगेच कुणीतरी विचारणार. म्हशी ठेवल्या तर पशुसंवर्धन खातं म्हणणार, जनावरांचं तिकीट आमच्याकडून प्रस्ताव न मागवता कसं काढलं. अखेर वेळ संपत आली की समिती पुन्हा विश्वेश्वरय्यांच्या पगडीवर येऊन थांबणार. पगडीवरून वाद झालाच तर तो पुण्यात होईल. साक्री तालुक्याला त्याची झळ पोचणार नाही.